निम्म्यात संपणारा कठडा

छायाचा उजवा हात सवयीनं कठड्याकडे गेला आणि हवेतच राहिला. क्षणभर तिला कळलंच नाही काय झालं ते. सोमवारची सकाळ होती, डिसेंबरातलं नाशिकचं ऊन अजून अंगाला लागत नव्हतं, आणि रोजचा रिक्षावाला भिकन तिला फाटकाच्या आत सोडून केव्हाच निघून गेला होता. कचेरीच्या दगडी पायऱ्या समोर होत्या, वरचं दार उघडं होतं, डावीकडच्या कुंड्या जागच्या जागी होत्या. फक्त उजवीकडे, जिथे इतकी वर्षं लोखंडी पाइपचा कठडा उभा होता, तिथे काही नव्हतं. हात पुढे गेला तो गेलाच, त्याच्यामागे अंगाचा तोलही गेला, आणि डाव्या हातातली काठी फरशीवर करकरत टेकली म्हणून ती वाचली. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिनं तोच रिकामा हात उचलून पदर सारखा केला. पडता पडता सावरलं की पदर सारखा करायचा, ही तिची जुनी युक्ती. आपलं निम्मं आयुष्य पदर सारखा करण्यात गेलं, असं ती कधीमधी गमतीनं स्वतःशी म्हणायची. आज गंमत वाटली नाही.

दगडात पाइपचे खुंट राहिले होते. करवतीनं कापलेले, आणि वरून सिमेंट थापलेलं. गुरुवारी संध्याकाळी ती हाच कठडा धरून खाली उतरली होती. शुक्रवारी सगळीकडे मांडवाचं कापड आणि लाल सतरंजी होती, त्याखाली काय आहे नि काय नाही हे कोण बघतो. शनिवारी तिनं रजा टाकली. म्हणजे तिच्या पाठीमागे वगैरे काही झालं नव्हतं, सगळं तिच्यासमोरच झालं होतं, तिलाच दिसलं नव्हतं. तिनं मान वळवून पायऱ्यांना लागून झालेल्या नव्या रॅम्पकडे पाहिलं. बदामी रंगाच्या चकचकीत फरश्या, आणि बाहेरच्या कडेला कठडा. त्यावर शुक्रवारच्या झेंडूच्या माळा वाळून लोंबत होत्या. तो कठडा तिनं माळांखालूनही ओळखला. हिरवा रंग जिथे उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं, ती जागा तिच्या तळहाताची होती. रोज तिथेच हात सरकवायचा, तिथेच दम घ्यायचा. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, पण सरकारच्या एवढ्या मोठ्या इमारतीत तेवढा वीतभर पाइप आपला आहे, असं तिला वाटायचं. तो उपटून त्यांनी रॅम्पला लावला होता. आणि पाइप पायऱ्यांच्या मापाचा, रॅम्प त्याहून लांब, त्यामुळे कठडा निम्म्यात येऊन संपला होता. पुढे नुसती उतरती फरशी.

"ताई, तिकडून या ना!" वरून कोंडाजीनं हाक मारली. कोंडाजी कचेरीतला शिपाई, छायाच्या आधीपासून इथे असलेला. हातात पाण्याचा जग होता. "रेलिंग तिकडं लावली. ठेकेदार म्हणला, नवी कशाला, ताई आता तिकडूनच जातील. लय भारी झालं ना?"

"हो," छाया म्हणाली. "छान झालंय."

तो आत गेला. तिनं घड्याळात पाहायचं सोंग केलं. परत जाता येत नव्हतं, रिक्षा नव्हती, आणि परत जाऊन सांगणार काय? हा प्रश्न नुसता आजचा नव्हता, हे तिला आत कुठेतरी ठाऊक होतं आणि तिथे ती मन जाऊ देत नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून डावा पाय, ज्याला घरात सगळे 'चांगला पाय' म्हणत, दगा द्यायला लागला होता. न्हाणीत एकदा तो एकाएकी मऊ झाला आणि ती बादलीवर पडली. दवाखान्यात ती एकटीच गेली. तपासायच्या टेबलावर चढायला पायरी नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी तिला उभ्यानंच तपासलं. तरुण होते, भले होते. म्हणाले, "बाई, तुमचा चांगला पाय आता चांगला राहिलेला नाही. लहानपणापासून दोघांचं काम एकट्यानं ओढलंय त्यानं. पोलिओवाल्यांना या वयात होतं असं. व्हीलचेअर वापरायला लागा. निदान जिन्यांचा नाद सोडा." जिन्यांचा नाद! जणू तिला जिने चढायचा शौकच होता. तिनं मान डोलावली, बाहेर आली, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. कारण कचेरीत रंगनाथअण्णांचं काय झालं, ते तिनं पाहिलं होतं. अण्णांना अर्धांग झालं, बरे होऊन ते काठीवर आले, दोघांनी धरून त्यांना वर चढवलं, आणि साहेब अगदी प्रेमानं म्हणाले, "अण्णा, रोज कशाला एवढा त्रास? स्वेच्छानिवृत्ती घ्या. आराम करा." कुणी अण्णांना काढलं नाही. सगळ्यांनी त्यांची काळजीच केली. दिवाळीच्या आत अण्णा घरी बसले, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. जो वर चढू शकत नाही तो काम करू शकत नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पण त्या पायऱ्या रोज सकाळी तेच विचारत. छाया रोज उत्तर देत होती. आता उत्तर द्यायला जो कठडा लागायचा तो तिच्याच सोयीसाठी काढून नेला होता, आणि तिच्या मनात आलं, बाप असता तर हसला असता. मग आलं, नाही, बाप हसला नसता. बाप म्हणाला असता, चढ.

भिमाजी म्हणजे तिचा बाप. गंगापूर रोडला आज जिथे बंगले आणि दुकानं आहेत तिथे त्याचा मळा होता; झेंडू, शेवंती, कडेनं मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन तो फूलबाजारात जायचा. छाया तीन वर्षांची असताना ताप आला, ताप गेला, आणि उजवा पाय नुसता लोंबायला लागला. मुंबईहून कॅलिपर येईपर्यंत ती बुडावर सरकायची. ओटा चढायचा तर पाठमोरी बसून, हात मागे टेकून, एकेक पायरी वर. तिला ते मजेचं वाटायचं, इतकी चपळ झाली होती की कोंबड्या तिच्यापुढे पळायच्या. एकदा बापानं ते पाहिलं. मारलं नाही, पण त्याचा चेहरा तिला अजून आठवतो. "घसटायचं नाय," तो म्हणाला. "घसटतं ते जनावर. तू माझी पोरगी हायेस." नंतर कॅलिपर आलं. मांडीपासून टाचेपर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याला कडी, आणि खाली चामड्याचा बूट, पट्ट्यांना रिबीट मारून पक्का बसवलेला. बापानं शेवंतीच्या वाफ्याच्या कडेनं दोन बाभळीच्या मेढी रोवल्या, त्यांना दोर बांधला. "ह्याला धर नि चाल. पडली तर पड. उचलणार नाय कोणी." ती पडली, पाटाच्या पाण्यात, तोंडावर. आई धावली. बापानं नुसता हात वर केला आणि आई जागच्या जागी थांबली. चिखलात तोंड घातलेल्या छायाला आईच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला ऐकू आला होता. तो तिच्या अंगात राहिला, ताप मुरावा तसा. ती उठली. संध्याकाळपर्यंत साऱ्या फूलबाजाराला माहीत झालं की भिमाजीची पोरगी आपली आपण उठली. तिला कोण अभिमान वाटला! तो अभिमानच नंतर तिची हाडं झाला. शाळेत जाताना बाप मागून सायकल हातात धरून चालायचा, सायकलवर बसवायचा नाही. कॉलेजात, नोकरीच्या मुलाखतीला, तसाच. नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी तो गोठ्यात जाऊन रडला. तिला वाटलं बैलाला काही झालं. त्याच्या प्रेमात कसूर होती असं कुणी म्हणावं! पण त्या प्रेमाला बसायची जागा नव्हती, उभंच राहावं लागायचं.

आणि ती तीन चाकांची सायकल. तिची आठवण इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे, शुक्रवारपासून ती डोळ्यांपुढून हलत नव्हती. छाया नऊ-दहा वर्षांची असेल. शहरातल्या कुठल्याशा क्लबाची माणसं टेम्पो घेऊन मळ्यात आली. अपंगांना वाटायच्या हाताच्या सायकली होत्या, लाल रेक्झिनची बैठक, पुढे पितळी घंटी. सायकल खाली उतरवून अंगणात ठेवली होती. बाप विहिरीवरून आला, पाय धुतले, टोपी घातली, पाहुण्यांना चहा दिला, आणि म्हणाला, "आमची पोरगी चालती. ज्याला चालता येत नाय त्याला द्या." टेम्पो गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत ती गोष्ट तिनं सगळ्यांना ऐटीत सांगितली. पण त्याआधी, टेम्पो यायच्या नि बाप विहिरीवरून यायच्या मधल्या वेळात, तिनं जवळ जाऊन घंटी एकदा वाजवली होती. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

शुक्रवारी जागतिक अपंग दिन होता. आठवडाभर आधी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची पुढे केली होती. "छायाताई, नव्या रॅम्पवरचं पहिलं पाऊल तुमचं. तुम्ही खालून चालत यायचं, प्रमुख पाहुणे वर उभे राहतील. शेवटी हे सगळं तुमच्यासाठीच तर आहे." ती सुखावली, खोटं कशाला बोला. रॅम्पचा चढ तिला पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरला होता. पायऱ्या आणि साहेबांच्या गाडीची जागा, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत तो बसवलेला, त्यामुळे छातीवर येणारा. फरश्याही दिसायला सुरेख म्हणून निवडलेल्या, बोट लावलं तरी सटकावं. आणि कॅलिपरचा बूट घोट्यात वाकत नाही. पायरीवर तो सपाट टेकतो, चढावर टेकला की माणसाला मागे ढकलतो. हे तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. विचारलं नाही याचा तिला राग आला नाही. तिला वाटलं, एकदाच तर चढायचंय, सगळ्यांच्या देखत, ताठ. बापाच्या नावानं चढू. तिनं अबोली रंगाची साडी काढली. आईनं, सखुबाईनं, सकाळी तिच्या वेणीत शेवंती माळली.

पण कोंडाजी सकाळी अंघोळ करून, गंध लावून आला होता. कचेरीतला दरवर्षीचा सत्यनारायण त्याच्याशिवाय होत नसे. नवीन जीप आली, नवीन कॉम्प्युटर आले, सगळ्यांना हळदीकुंकू त्यानंच लावलेलं. रॅम्प तरी कसा सुटेल? त्यानं पायथ्याशी स्वस्तिक काढलं, तांदूळ टाकले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या पाकळ्या वरपर्यंत उधळल्या, कडेवर नारळ फोडला. सारं मनापासून. झेंडू तुडवला की तेलासारखा होतो, हे माळ्याच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. ती पाकळ्यांकडे बघत राहिली. मग पाहुणे आले. कुंकू पाहून त्यांनी बूट काढले, मोज्यांवरच वर गेले. त्यांनी काढले म्हणून साहेबांनी काढले, साहेबांनी काढले म्हणून सगळ्यांनी. पायथ्याशी चपलाबुटांचा ढीग झाला. आणि मग ती. सगळ्यांचे डोळे एकदम तिच्या उजव्या पायाकडे गेले.

तो बूट काढायचा तर कॅलिपर काढावं लागतं, आणि कॅलिपर काढलं तर छाया उभीच राहू शकत नाही. ही गोष्ट तिच्या आयुष्याइतकी जुनी होती. त्या बुटापायी ती कधी कुठल्या देवळाच्या गाभाऱ्याजवळ गेली नाही. घरात स्वयंपाकाशी, देवघराशी चामडं नको, म्हणून आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची एक खोळ शिवली होती. घरात शिरताना बुटावर खोळ चढवायची आणि नाडी आवळायची. पण कचेरी म्हणजे कचेरी, इथे तो बूट वीस वर्षं नुसता बूट होता. त्याला पहिल्यांदाच कुणीतरी चामडं म्हणून पाहत होतं.

"ताई, रागवू नका," कोंडाजी हात जोडून हळूच म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच अजिजी होती. "पूजा झाली हाय ना. चामड्याचं..."

पाहुण्यांनी वरून घड्याळाकडे पाहिलं. मग साहेबांना सुचलं. दवाखान्यातून एक व्हीलचेअर आणून ठेवली होती, शोभेला, हँडलला गुलाबी रिबीन बांधून. "अरे, ही आहे ना! बसा छायाताई. त्यात काय एवढं?" आणि छाया बसली. नाही म्हणता आलं असतं. घसा मोकळा होता, शुद्ध जागेवर होती. शुक्रवारपासून ती हेच चाचपत होती, की आपण नाही का म्हटलं नाही? लाजेनं? साहेबांच्या भिडेनं? की डाव्या पायानं तिच्या आधीच होकार दिला होता? गुडघ्याची कडी उघडताना खट आवाज झाला, तिला वाटलं तो फाटकापर्यंत गेला.

आणि मग ती वर गेली. एवढंच. कुणीतरी मागून ढकललं आणि ती वर गेली. तीन वर्षांची असल्यापासून तिनं एक पाऊलही न ठरवता टाकलं नव्हतं. काठी कुठे, टाच कुठे, पुढचा खड्डा, मागचा तोल. चालताना तिची नजर कायम जमिनीवर असायची, साऱ्या नाशिकातल्या फरश्या तिला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. त्या चार क्षणांत तिला काहीही ठरवावं लागलं नाही. मान आपोआप वर झाली. आवारातलं कडुलिंबाचं झाड तिला दिसलं, त्याचा वरचा शेंडा, त्यावरचं ऊन. खांद्यातली रोजची कळ थांबली, आणि थांबल्यावरच कळलं की ती रोज असते. कुठेही काही दुखत नव्हतं. वर टाळ्या वाजल्या तेव्हा तिच्या मनात आलं, इतक्यात आलं? अजून थोडं असतं तर! आणि नेमका त्याच वेळी फोटो निघाला.

कार्यक्रम संपल्यावर त्याच खुर्चीतून तिला खाली आणून रिक्षात बसवून दिलं होतं. शनिवारी तो फोटो पेपरात आला. 'अपंग कर्मचाऱ्यांना दिलासा.' मधोमध ती, खुर्चीत, हसत. ते हसू ओठांवरचं नव्हतं, खरं होतं, आणि तेच तिला सहन होईना. उभं आयुष्य ती कशाकरता उभी राहिली होती मग? हे इतकं सोपं होतं, आणि ते टेम्पोत घालून दारात आलं होतं, लाल बैठकीचं, घंटीचं. तिला बापाचा राग आला. असा राग तिला आजवर आला नव्हता, कुणाचाच. मेलेल्या माणसाशी काय भांडणार! मग तिला तो शेवटचा आठवला. दवाखान्याची लिफ्ट बंद होती, वॉर्ड वरच्या मजल्यावर, तेव्हा चौघांनी त्याला चादरीत घालून जिन्यानं वर नेलं. भिमाजीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. शुद्ध होती त्याला, तरी मिटले होते. छाया कठडा धरून मागून चढत होती, आणि त्याला उचललेलं आपण पाहिलं हे त्याला कळू नये, म्हणून तिनंही मान खाली घातली होती.

आईला वाचता येत नाही. शनिवारी तिनं पेपर उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिला. मळा जाऊन त्या जागी इमारत झाली, तिच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मायलेकींच्या. आई उठून आत गेली आणि ट्रंकेतून ती जुनी खोळ काढून आणली. "ही न्यायची व्हती गं. बुटावर घातली असती, तर कोण काय म्हणलं असतं? चालत गेली असती."

"लक्षातच आलं नाही गं आई."

आई खोळीची नाडी ओढून बघत बसली. मग पेपरकडे न बघता तिनं विचारलं, "बसल्यावर बरं वाटलं का गं तुला?"

त्या विचारण्यात काही खोच नव्हती. बाप असता तर आईनं ते विचारलं नसतं, एवढंच. छायाला एकदम वाटलं, आईच्या मांडीवर डोकं ठेवावं, डाव्या पायाचं सांगावं, डॉक्टरांचं सांगावं, घंटीचंसुद्धा सांगावं. आई उत्तराची वाट बघत होती. बांगड्या थांबल्या होत्या.

"नाही," छाया म्हणाली. "बरं कसलं? दोन मिनिटांचं तर होतं."

"मंग बरं," आई म्हणाली, आणि खोळ घडी घालून परत ठेवायला गेली.

आता कचेरीत येणाऱ्यांची गर्दी वाढली होती. अकाउंटमधली साधना स्कूटी लावून आली, पर्स सावरत पायऱ्या चढता चढता म्हणाली, "काय ताई, पेपरात झळकलात! आणि इथे का उभ्या? तुमच्यासाठी रॅम्प झालाय ना आता!" तिच्यामागून आणखी कुणी तेच म्हणालं. सगळे हसून, आपुलकीनं. छायाला वाटलं, यातलं एक माणूस जरी दुष्ट असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती रॅम्पकडे गेली. स्वस्तिक अजून होतं, फिकट झालेलं. त्याला वळसा घालून तिनं आपला जुना पाइप धरला. तळहाताला तो गुळगुळीत भाग लागला आणि उगाचच धीर आला. पहिलं पाऊल टेकलं. दुसऱ्याला बुटानं तिला मागे ढकललं, तिनं हातावर जोर घेतला, खांदा उतरतोय की काय असं वाटलं. तरी ती चढली. कठड्याच्या टोकापर्यंत चढली. तिथे पाइप संपला होता, कापलेलं तोंड उघडं, आत वाळलेली पाकळी अडकलेली. पुढे तेवढाच चढ, आणि धरायला काही नाही. डावा पाय कापायला लागला. ती टोकाला धरून उभी राहिली, ना वर ना खाली, आणि तिला स्पष्ट कळलं की रोज सकाळी हे असंच होणार आहे. मग ती पाठमोरी, पाइप धरून, इंचाइंचानं परत खाली आली.

पायऱ्यांपाशी येऊन तिनं आजूबाजूला पाहिलं नाही. गुडघ्याची कडी उघडली आणि खालच्या पायरीवर बसली, दाराकडे पाठ करून. काठी मांडीवर घेतली. दोन्ही हात मागे वरच्या पायरीवर टेकले आणि अंग उचललं. दगड गार होता. ती एक पायरी वर गेली. हाताला, कमरेला सगळं आठवत होतं. ओटा, कोंबड्या, वेग. फक्त मजा आठवत नव्हती. साडी पायरीवर घासत होती, बुटाची टाच प्रत्येक पायरीवर ठक्क करून वर येत होती. चढणाऱ्या माणसांचे पाय तिच्या दोन्ही बाजूंनी जात होते, जरा बिचकत, जरा बाजूला होत. कुणी "अहो, अहो" म्हणालं. घसटायचं नाय, ती स्वतःशी म्हणाली, आणि घसटत राहिली. तिला रडू येत होतं, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कशानं, म्हणून तिनं ते येऊ दिलं नाही.

वरच्या पायरीवर ती पोचली तेव्हा सगळं कचेरीचं आवार तिच्यासमोर होतं. कडुलिंब, फाटक, फाटकापलीकडची रहदारी. आता उठायचं होतं. उठायला धरायचं काय? दाराची चौकट लांब, कुंड्या डगमगत्या. डावा पाय तिनं आजमावून पाहिला. तो तिचं ऐकेना. ती तशीच बसून राहिली.

"ताई!" कोंडाजी दारातून धावत आला. "असं का वो ताई? रॅम्प हाय ना तिकडं! द्या, हात द्या." त्यानं वाकून हात पुढे केला. कुणाच्याही हातानं ती आजवर उठली नव्हती. तिनं त्या हाताकडे पाहिलं, त्याच्या बोटांवर अजून हळदीचा पिवळेपणा होता. तिच्या आत काहीतरी, इतकी वर्षं ताठ बांधलेलं, सुटलं, आणि सुटल्याचं तिला दुःखही झालं नाही, नुसता थकवा आला.

"हात नको, कोंडाजी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "ती चाकाची खुर्ची आणा. शुक्रवारची."

कोंडाजी ओशाळला. "ती व्हय? ती तर शुक्रवारीच गेली ताई. पाहुणे गेले तशी दवाखान्याची गाडी आली नि घेऊन गेली. फोटोपुरतीच आणली व्हती ती."

खालून आणखी माणसं वर येत होती, कचेरीची वेळ झाली होती. तिनं दोन्ही हातांनी उजवा पाय धरून जवळ ओढून घेतला, त्यांना जायला वाट व्हावी म्हणून.